केक बिनाअंड्याचा, बिनदुधाचाही!

‘ताई, यात अंडं नाही ना?’

वाशीममध्ये घरून केक करून देणाऱ्या कुणाही बाईला विचारा, ऑर्डर घेताना पहिला प्रश्न हाच येतो. चव कोणती, वजन किती, वर नाव काय लिहायचं हे सगळं नंतर. प्रश्न साहजिकच आहे म्हणा. आमच्या जिल्ह्यात शिरपूर जैन आहे, कारंजा आहे. गावोगावी माळकरी आहेत, महानुभाव पंथाची घरं आहेत, मारवाडी-माहेश्वरी घरं आहेत. एका वाढदिवसाला वीस माणसं जमली, तर त्यातली निम्मी तरी अंडं न खाणारी निघतात. आणि खाणाऱ्यांकडेही शनिवार, चतुर्थी, श्रावण असतोच! त्यामुळे मी केक करायला लागले तेव्हाच ठरवून टाकलं, की आपल्या ओट्यावर अंडं फुटायचं नाही. जैन घरचा वाढदिवस असेल तर आणखी एक ध्यानात ठेवावं लागतं. दिवस मावळायच्या आत जेवणारी मंडळी असतील, तर केक चार वाजताच पोचला पाहिजे. फुगे, मेणबत्त्या, फोटो सगळं उन्हं असतानाच उरकतं.

अलीकडे मात्र दुसराही एक प्रश्न येऊ लागलाय. ‘दूध आहे का हो यात?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवल वाटलं. दूध-दही-तूप तर आपल्याकडे देवालाही चालतं. मग दूध नको म्हणणारी ही कोण माणसं? त्यातली काही पुण्या-मुंबईला किंवा परदेशात राहणारी, ‘व्हीगन’ झालेली मुलं असतात. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच न खाणारे. अंडं नाही, दूध-तूप नाही, मधही नाही. हा शब्द तसा नवा नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तयार केला आणि त्याच नावाची संस्था काढली. आपल्याकडे २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं हिरवं चिन्ह आणलं. म्हणजे सरकारदरबारीही आता शाकाहारी आणि व्हीगन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण मला हा फरक एका लेकरामुळे नीट कळला.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा नातू पुण्याहून सुटीत आला होता. चार वर्षांचा होणार होता. काकूंनी मोठ्या हौसेनं माझ्याकडे केक सांगितला. ‘बिनाअंड्याचा पाहिजे हं, त्याले अंडं चालत नाही,’ एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला. ‘मावशी, आईनं दुधाचं सांगितलं का तुम्हाला? त्याला अंडं आणि दूध दोन्हीची अॅलर्जी आहे. थोडं जरी पोटात गेलं तरी अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं.’ तिचा आवाज ऐकूनच कळत होतं, की ही पोरगी प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक लग्नात, प्रत्येक डब्याला हेच सांगत आली असणार. काकू मागून म्हणत होत्या, ‘अवं, एवढुशा दुधानं काय होते? आमच्या वेळी नव्हतं असं काही.’

मैत्रिणींनो, आज्यांना हे पटवणं अवघड असतं, पण अॅलर्जी हे नखरे नव्हेत. काही मोठ्या माणसांना दूध पचत नाही, पोटात गुडगुडतं, ती गोष्ट वेगळी. दुधाच्या अॅलर्जीत शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजतं, आणि मग चमचाभरही पुरतं. लहान मुलांमध्ये दुधाची आणि अंड्याची अॅलर्जी बऱ्यापैकी आढळते. पुष्कळ मुलांची ती मोठेपणी जाते, पण ती गेली की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. घरी ‘थोडं देऊन पाहू’ करायचं नाही.

त्या दिवशी मी फडताळातली एकेक वस्तू काढून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत बसले. कंडेन्स्ड मिल्क तर बादच. आपल्याकडचे बहुतेक बिनाअंड्याचे केक त्याच्याच जिवावर उभे असतात. डब्यावर पाककृती छापून येते, आणि आपल्या कितीतरी जणी तीच वाचून केक शिकल्या. दही बाद, लोणी बाद. मार्गारीन आपण ‘वनस्पती’ म्हणून आणतो, पण काहींमध्ये दुधाचे घटक असतात. सगळ्यात धक्का बसला तो वरच्या फेसाळ क्रीमच्या डब्यानं. त्यावर मोठ्या अक्षरात ‘नॉन-डेअरी’ लिहिलेलं, आणि खाली घटकांत ‘सोडियम केसीनेट’. केसीन म्हणजे दुधातलंच प्रथिन! सगळ्याच कंपन्यांच्या क्रीममध्ये ते असतं असं नाही, पण असू शकतं. व्हीगन माणसानं खाल्लं तर त्याचा नेम मोडेल, एवढंच. त्या लेकरानं खाल्लं असतं तर? आणि पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहूनही निर्धास्त होऊ नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध येतंच. नियमानुसार पाकिटावर ‘यात दूध आहे’ अशी अॅलर्जीची सूचना वेगळी लिहावी लागते, ती शोधायची.

शेवटी मी ना क्रीम वापरलं, ना लोणी. भांडी, चाळणी, चमचे पुन्हा एकदा साबणानं घासून घेतले, कारण सकाळी त्यातच लोणी फेटलेलं होतं. साधा चॉकलेट केक केला, वर कोको, पिठीसाखर नि पाणी यांचा दाट लेप दिला. तो पोरगा केक कापून थांबला आणि आईकडे बघायला लागला. ‘खाऊ?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा काकूंचे डोळे भरून आले. आतापर्यंतच्या वाढदिवसांना केक दुसऱ्यांनी खायचा आणि त्यानं बिस्किट खायचं, असंच चालत आलं होतं म्हणे.

तेव्हापासून मी या विषयात जरा खोलात शिरले.

मुळात अंडं केकमध्ये करतं तरी काय? एक अंडं म्हणजे कवचाशिवाय साधारण पन्नास ग्रॅम, आणि त्यातलं पाऊण तर पाणीच. उरलेल्यातलं प्रथिन फेटताना हवा धरून ठेवतं आणि भट्टीत घट्ट होऊन केकला उभं करतं. बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाण्याची गट्टी जमवून देतं. म्हणजे ओलावा, फुगवणं, धरून ठेवणं आणि मिसळून घेणं अशी चार कामं एकटं अंडं करतं. आपली गल्लत होते ती इथे. ‘अंड्याऐवजी काय घालू?’ असा एकच प्रश्न आपण विचारतो. विचारायला हवं, ‘या केकमध्ये अंड्याचं कोणतं काम होतं?’ मैद्याचा चॉकलेट केक असेल तर धरून ठेवायला मैद्याचा चिकटपणाच पुरतो, फक्त फुगवण्याची सोय हवी. नानकटाईला तर अंड्याची गरजच नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात बाया घरून मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायच्या आणि डबाभर नानकटाई भाजून आणायच्या. त्यात ना अंडं, ना दूध. तेव्हा व्हीगन हा शब्द गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता! सुरतेच्या डच बेकरीतले पाव-बिस्किटं इथल्या लोकांना अंडं-ताडीमुळे चालेनात, म्हणून ते वगळून नानकटाई झाली, अशी गोष्ट सांगतात.

अंड्याशिवाय भागवण्याची वेळ साहेबांवरही आलेली आहे. आपल्या फ्रूट सॅलडमध्ये जी कस्टर्ड पावडर पडते ना, तिची जन्मकथा मला फार आवडते. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषध-रसायनांचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थानं ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि खरं कस्टर्ड अंड्याशिवाय होत नाही. त्यानं मक्याच्या पिठावर काम भागवलं. बायकोला यीस्टही चालत नव्हतं, म्हणून १८४३ साली बेकिंग पावडरही तयार केली. बायकोच्या पथ्यासाठी नवऱ्यानं इतकं करावं, वाचून बरं वाटतं! पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंडी रेशनवर आली, १९४१ पासून माणशी आठवड्याला एक. अमेरिकेत मंदीच्या आणि युद्धाच्या काळात बायकांनी अंडं, दूध, लोणी तिन्ही नसलेला केक चालवला. सोडा आणि व्हिनेगरवर फुगणारा. मी त्या लेकरासाठी केला तो त्याच घराण्यातला.

आता खरी गंमत सांगते. मोठ्या शहरात अंड्याला पर्याय म्हणून पाकिटं मिळतात, आणि ती स्वस्त नसतात. त्या पाकिटांवरची नावं वाचा. फ्लॅक्स सीड, चिया सीड, सोया. फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस. सोया म्हणजे आपलं सोयाबीन. आणि चिया तर गेल्या काही वर्षांत वाशीमच्याच शेतात पिकू लागलाय!

चियाचं पीक मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्या तुळशी-सब्जाच्या कुळातलं. आमच्याकडे रब्बीत गहू-हरभऱ्याच्या जोडीला त्याचे निळे-जांभळे तुरे दिसायला लागले. रोही आणि रानडुकरं त्याला तोंड लावत नाहीत, असं पिकवणारे सांगतात. रात्र-रात्र जागल करून थकलेल्या माणसाला हे केवढं मोठं! वाशीमच्या बाजार समितीत चियाची खरेदी-विक्रीही होते. पण घरात? माझ्या उन्हाळी वर्गाला जवळच्या खेड्यातली एक सून यायची. तिच्या घरी दोन एकर चिया. तिला विचारलं, खाता का गं घरी? म्हणाली, ‘नाही बाप्पा. सारा बजारात नेतो. ते कायमध्ये घालतात, ते तं आमाले मालूमच नाही.’ खाणारे दूर शहरात, आणि पिकवणारीच्या डब्यात चमचाभर नाही. सोयाबीनचंही तेच. पोती भरून जातं नि तेलाच्या पुड्यात परत येतं.

जवसाची गोष्ट थोडी वेगळी. ते आपल्या विदर्भाचं जुनं. जवसाची चटणी कुणाला सांगायला नको, नि पूर्वी जवसाचं तेलही स्वयंपाकात असायचं. सोयाबीन आलं आणि जवसाचा पेरा मागे पडला. तरी किराणा दुकानात ते मिळतंच, नि चियापेक्षा स्वस्त मिळतं. माझं मत विचाराल तर, हाताशी जवस असताना चियाच हवा असा हट्ट करू नका.

जवस भिजवलं की बुळबुळीत होतं, हे चटणी करणारीला ठाऊक असतं. दाण्याच्या सालात पाणी धरणारा चिकट पदार्थ असतो. तोच बुळबुळीतपणा अंड्याच्या पांढऱ्यासारखा धरून ठेवायचं काम करतो. एका अंड्यासाठी मापाचा मोठा चमचा (१५ मिलीचा) सपाट भरून जवसाची पूड आणि तसेच तीन चमचे पाणी घ्यायचं. कालवून दहा मिनिटं ठेवायचं. घट्ट, तारेचं झालं की वापरायचं. जवस न भाजता दळा. चटणीच्या भाजलेल्या पुडीला तशी तार येत नाही. अख्खे दाणे घालून उपयोग नाही. पूड एकदम किलोभर करून ठेवू नका, खवट होते. आठवड्यापुरती करा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. चियाचं प्रमाणही हेच, फक्त तो अख्खा घातला तरी चालतो, कारण तो आपल्या वजनाच्या आठ-दहा पट पाणी पितो. पंधरा मिनिटं द्या. केकमध्ये काळे ठिपके दिसतात, मुलं ‘किडे आहेत’ म्हणतात. तेव्हा मिक्सरमधून काढलेला बरा. सब्जाही फुगतो, पण तो दाणा-दाणा वेगळा राहतो. फालुद्यालाच ठीक.

पण जवस किंवा चिया हवा धरत नाहीत. हे पक्कं ध्यानात ठेवा. म्हणून खजूर-केळ्याचा केक, गव्हाच्या पिठाचा केक, ब्राउनी, कुकीज इथे ते झकास चालतात. चार अंड्यांचा हलका स्पंज किंवा स्विस रोल जवसावर करायला जाल तर खाली घट्ट चिक्की आणि वर निराशा! एक किंवा दोन अंड्यांपर्यंतच हा पर्याय धरा. तीन अंड्यांइतकं जवस घातलंत तर केक ओला-चिकट लागतो, दाताला लागतो, आणि वास येतो तो वेगळाच.

हवा धरणारा पर्याय सापडला तो काबुली चण्यात. २०१४ साली जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या ध्यानात आलं, की डब्यातल्या कडधान्याचं पाणी फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याला ‘अॅक्वाफाबा’ नाव दिलं. मला वाचून हसूच आलं. पुरणाची डाळ शिजवून वरचा कट काढून ठेवणारी आपली आजी नि हे लोक, दोघांच्या हातात एकच भांडं. आपण त्याची आमटी केली, त्यांनी त्याचा फेस केला. घरी करायचं तर काबुली चणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात मऊ शिजवा, चणे त्याच पाण्यात गार होऊ द्या. मग पाणी गाळून घ्या. पातळ वाटलं तर आटवा. गार केल्यावर ते बोटाला चिकट लागलं पाहिजे. मीठ-तेल घालू नका. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं धरा. इलेक्ट्रिक बीटर असेल तरच नादी लागा, हातानं फेटून खांदा जाईल. पिठीसाखर नि दोन थेंब लिंबू घालून दहा-पंधरा मिनिटं फेटलं, की पांढरंशुभ्र होतं. चण्याचा वास साखरेत बराच दबतो. गार चॉकलेट मूससाठी छान. रोजच्या केकला एवढी खटपट मी करत नाही.

दुधाच्या जागी सोयाबीनचं दूध. इथे मात्र आपली मजा आहे, कारण कच्चा माल घरचाच. पण तो नीट शिजवला नाही तर पोट बिघडतं. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनंच जातात. वाटीभर सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, चोळून सालं काढा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका. यामुळे तो कडधान्याचा कच्चट वास बराच कमी होतो. मग साधारण सहा वाट्या गरम पाणी घालत बारीक वाटा, फडक्यातून गाळा आणि पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळत उकळा. उतू जायला याला गाईच्या दुधापेक्षा कमी वेळ लागतो, पाठ फिरवू नका. उरलेला चोथा थालीपिठात घाला. वाटीभर सोयादुधात मोठा चमचाभर लिंबूरस घातला की ताकासारखं फाटतं, ते केकला मस्त. चहात मात्र मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू! आणि ज्या लेकराला दुधाची अॅलर्जी आहे त्यातल्या काहींना सोयाबीनही सोसत नाही, तेव्हा त्याच्या आईला विचारल्याशिवाय वापरू नका. जवस, चिया, काजू, शेंगदाणे यांचंही तसंच.

आणखी एक मनातलं. अंडं वाईट म्हणून हे लिहीत नाहीये. ज्यांच्या घरी चालतं त्यांच्या मुलांना अंडं जरूर द्या. स्वस्तात इतकं चांगलं प्रथिन दुसरं नाही. चमचाभर जवसानं केकमध्ये अंड्याचं काम भागतं, पोटातलं नाही. आणि केक व्हीगन झाला म्हणून तो पौष्टिक होत नाही. साखर तेवढीच असते.

आता त्या लेकरासाठी केलेला केक. ओव्हन लागत नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत आम्ही गॅसवर कढई ठेवूनच शिकलो, नि आजही खेड्यातल्या मैत्रिणींना मी तेच शिकवते.

साहित्य : (वाटी २०० मिलीची) मैदा दीड वाटी, पिठीसाखर एक वाटी, कोको पावडर चार मोठे चमचे, खायचा सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, पाणी एक वाटी, वास नसलेलं तेल पाव वाटीहून थोडं जास्त, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एक मोठा चमचा, व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा.

कृती : जाड बुडाच्या जुन्या कढईत वाटी-दोन वाट्या जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा. त्यावर जाळी किंवा रिंग ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवा, पाणी घालायचं नाही. सहा-सात इंची डब्याला तेल लावून मैदा भुरभुरवा. कोरडं साहित्य दोनदा चाळा. पाणी, तेल, इसेन्स एकत्र करून त्यात ओता, एका दिशेनं हलवा, गुठळ्या मोडल्या की थांबा. व्हिनेगर सगळ्यात शेवटी. ते पडलं की सोडा लगेच बुडबुडे सोडायला लागतो, म्हणून त्यानंतर गप्पा मारायच्या नाहीत, डबा ताबडतोब कढईत. झाकण ठेवून पाच मिनिटं मध्यम, मग मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका. मधोमध सुरी घालून कोरडी निघाली की झाला. ओव्हन असेल तर १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं.

सोडा मापानंच घाला. ‘जरा जास्त फुगेल’ म्हणून वाढवलात तर साबणासारखी चव येते. आणि मिश्रण फार फेटू नका, अंड्याच्या केकची सवय इथे उपयोगाची नाही. जास्त घोटलेला मैदा चिवट होतो.

गव्हाच्या पिठाचा हवा असेल तर दीड वाटी कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, दोन चांगली पिकलेली केळी, दोन मोठे चमचे जवसपूड सहा चमचे पाण्यात भिजवून, पाव वाटी तेल, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि लागेल तसं अर्ध्या वाटीपर्यंत सोयादूध किंवा पाणी. गूळ केळ्यांत आधी विरघळवून घ्या. वरून अक्रोड नसतील तर भाजलेले तीळ घाला. हा फार फुगत नाही, फुगण्याची वाटही पाहू नका. प्रवासाला न्यायला उत्तम. केळं जैन घरांत सहसा चालतं, पण गाजराचा केक त्यांना सांगून ठेवू नका, गाजर कंद आहे.

घरून विकणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लहान घरगुती धंद्यालाही लागते, ती करून घ्या. आणि ‘बिनाअंड्याचा’, ‘बिनदुधाचा’, ‘व्हीगन’ हे शब्द सैल वापरू नका. ज्या ओट्यावर दिवसभर लोणी-क्रीमचं काम चालतं, तिथे अॅलर्जीच्या मुलाचा केक करायचा असेल तर तो सकाळी सगळ्यात आधी करा, वेगळी चाळणी नि वेगळा ब्रश ठेवा, आणि जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. मी बॉक्सवर घटक मराठीत लिहून देते. दहा ओळी होतात, अक्षर वाईट येतं, पण त्या बाळाच्या आईनं ती चिठ्ठी वाचताना पाहिली, तेव्हापासून लिहायचं सोडलं नाही. दर चार पैसे जास्त लावा, त्यात वेळ जातो.

चियावाल्या त्या सुनेनं पुढच्या रविवारी घरचा वाटीभर चिया पिशवीत आणला. आम्ही तो कणकेच्या केकात घातला. तिच्या सासूबाईंनी खाऊन विचारलं म्हणे, ‘अंड्याबिगर फुगला कसा वं हा?’ केक टिकतो किती, हेही पुष्कळ जणी विचारतात. थंडीत तीन दिवस, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी संपवा. जवस-चियाचा केक गरम असताना कापू नका, सुरीला चिकटतो. रात्री करून सकाळी कापला तर वड्या सरळ पडतात.